खाली

"आत्यांची गाणी ना? ती त्या काळ्या डबीत. खाली लिहिलंय बघ तिच्यावर," सुमेधा स्वयंपाकघरातून म्हणाली आणि कढीवर फोडणी पडल्याचा चर्र आवाज आला.

बस, एवढंच. रविवारची सकाळ, बायको कढी करते आहे, नवरा मागच्या खोलीत, आपल्या घरगुती रेकॉर्डिंग स्टुडिओत, तारांच्या गुंत्यात बसला आहे आणि एकाने दुसऱ्याला एक साधी गोष्ट सांगितली आहे. पण निशांतच्या हातातली तार हातातच राहिली. हिंगाचा वास खोलीत आला. समोर कॉम्प्युटरला एक काळी हार्ड डिस्क जोडलेली होती. तिच्यावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘वर’ असं लिहिलेलं होतं, आणि आत कुणाकुणाच्या लग्नातलं संगीत आणि एका शाळेचं गॅदरिंग होतं. आत्याची गाणी नव्हती. ती हिच्यातच असणार असं तो इतके दिवस धरून चालला होता. संध्याकाळी आत्या ऐकायला येणार, त्याआधी त्यांची एक नक्कल करून ठेवू म्हणून कालच त्याने नवी डिस्क आणली होती. एका ठिकाणी ठेवलेलं रेकॉर्डिंग म्हणजे नसलेलं रेकॉर्डिंग, हे तो शिकाऊ पोरांना ऐटीत सांगायचा. दोन डिस्का होत्या, एकसारख्या काळ्या. ही एक. आणि दुसरी त्याने गणपतीत... मन मोठं लबाड असतं. वाक्य पुरं केलं की ते खरं होतं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते अर्ध्यावरच थांबलं.

"सापडली का रे?" सुमेधाने विचारलं.

"हां... बघून राहिलो," तो म्हणाला.

दुसरी डिस्क खालच्या फळीवर होती. तिच्यावरही तसलीच पट्टी, तसलीच मार्करची ठसठशीत अक्षरं. खाली. त्याने ती हातात घेतली तेव्हा त्याला तो दिवस अगदी वासासकट आठवला. गणपती बसले होते, खोलीत धुपाचा वास येत होता, आणि एक शेव विकणारा नमकीनवाला फोनवर बसला होता, भिया, जिंगल आज ही चाहिए, त्योहार निकल जाएगा. कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती. निशांतने मान फिरवली तर समोर डिस्क, आणि तिच्यावर लिहिलेलं ‘खाली’. रिकाम्या केलेल्या डिस्कांवर तो स्वतःच असं लिहीत आला होता, वर्षानुवर्षं. मार्करचं अक्षर काय, सगळ्यांचं सारखंच दिसतं. ऐन घाईत भरलेल्या गाडीत खिडकीची जागा मिळावी तसा त्याला आनंद झाला. त्याने तार जोडली. यंत्राने विचारलं होतं, सगळं पुसलं जाईल, चालेल? फोन कान आणि खांद्यात धरून, नमकीनवाल्याला हां भिया, हां भिया करत त्याने ‘हो’ दाबलं. उघडून बघायला किती वेळ लागला असता? नाही बघितलं. मग तीच डिस्क त्याने गच्च भरली. शेव फायनल, शेव फायनल नवं, शेव फायनल पक्कं. नमकीनवाल्याला शेवटी पहिलंच पसंत पडलं.

आता हा ‘खाली’ काय घोळ आहे ते या घरात कुणाला सांगायला नको. सुमेधा सांगलीची. तिच्या मराठीत खाली म्हणजे जमिनीच्या दिशेला. निशांतच्या सात पिढ्या इंदूरच्या. त्याच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं, हिंदीत असतं तसं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा निशांतच्या आईने हाक मारून सांगितलं, सुमेधा, ते पातेलं खाली कर गं. नव्या सुनेने दुधाने भरलेलं पातेलं ओट्यावरून अदबीने उचललं, फरशीवर ठेवलं आणि पदर सावरून म्हणाली, केलं खाली. मग घरात मांजर शिरलं ते वेगळंच. तिकडे निशांत सासुरवाडीला निघाला तर एसटीत एका म्हाताऱ्याला म्हणाला, काका, सीट खाली आहे का? तो बिचारा वाकून सीटच्या खाली बघायला लागला. ही दोन्ही नाटकं इंदूआत्या प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला करून दाखवायची, सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा, मांजराचासुद्धा. "माझी भाचेसून म्हणजे फार आज्ञाधारक हो," असं म्हणून शेवट व्हायचा आणि बायका डोळे पुसत हसायच्या. इतक्यांदा हसले सगळे. पण हसण्यावारी नेलेली गोष्ट अंगी लागत नाही हेच खरं. सुमेधाही आता सब्जी म्हणते, चक्कर लावते, कुणी रस्त्यात विचारलं तर सीधे चले जाओ भिया म्हणते. फक्त हातात मार्कर आला की तिच्या आतली सांगली जागी होते.

आणि मार्कर तिच्या हातात नेहमीच असतो. ती पॅथॉलॉजीत आहे. दिवसभर बाटल्यांवर नावं लिहायची, नाव नसलेली बाटली म्हणजे कुणाचा तरी जीव टांगणीला, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. गणपतीच्या आधी तिने या खोलीची साफसफाई काढली तेव्हा डिस्का कुठं कुठं निघाल्या! एक फ्रिजवर, एक उशीच्या अभ्र्यात, एक पेटीच्या खोक्यात भात्याला टेकून. तिने कपाळावर हात मारला, दोन फळ्यांची मांडणी ठोकून घेतली आणि जी जिथं ठेवायची तसं तिच्यावर लिहून टाकलं. वरच्या फळीवर गिऱ्हाइकांचं, खालच्या फळीवर घरचं. वरची फळी स्पीकरच्या दणक्याने हलते, एखादी वस्तू पडली तर? म्हणून जपायचं ते खाली, भिंतीला घट्ट. तिने हे सगळं त्याला उभं राहून नीट सांगितलंही होतं. त्याने मान डोलावली होती. त्याच्या कानांवर तेव्हा हेडफोन होते, आणि तो मान डोलावत होता ती ठेक्यावर.

सर्वांत जपायचं म्हणून तिने आत्या खाली ठेवली आणि खाली लिहिली म्हणून त्याने ती पुसली. निशांतला वाटलं आपण आता मोठ्याने हसणार. तोंडातून नुसती हवा आली.

त्याने दार लोटून घेतलं आणि मनीषला फोन लावला. मनीष जेल रोडवर जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बिघडलेल्या डिस्कांतून लोकांचे फोटो-बिटो काढून देतो. "फॉरमॅटच मारला ना? तो टेन्शन मत लो भिया, निकल आएगा," मनीष म्हणाला. मागे कुणीतरी चहावाल्याला ओरडत होतं. मग तो थांबला. "उसके बाद कुछ डाला तो नहीं उसमें?"

"डाला."

"कितना?"

"पूरी भर गई."

"अरे भिया..." मनीषचा आवाज एकदम सभ्य झाला. दवाखान्यात बाहेर येऊन बोलणाऱ्या डॉक्टरांचा होतो तसा. "ऊपर से लिख दिया तो नीचे वाला गया समझो. फिर भी चला के देख लो, वो खोजने वाला सॉफ्टवेयर है ना आपके पास? आदमी को चैन पड़ जाता है."

त्याने सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर एक निळी रेघ सुरू झाली आणि मुंगीसारखी पुढं सरकू लागली. काय काय सापडत होतं त्याची नावं खाली उमटत होती. शेव. शेव. शेव. मध्येच एखादं नाव नुसते आकडे असलेलं, आणि तसं दिसलं की निशांत ते उघडायचा आणि आतून तळणीत पाणी पडावं तसा खर्र आवाज यायचा, की पुन्हा तो नमकीनवाला कोरस. ‘कुरकुरीत’ म्हणायला त्याने स्वतः तीन शिकाऊ पोरी उभ्या केल्या होत्या. याच खोलीत. याच माइकपुढे. आत्या उभी राहिली होती तिथंच. नाही, आत्या उभी नव्हती राहत. ती खुर्चीत मांडी घालून बसायची, चष्मा काढून ब्लाउजात खोचायची आणि विचारायची, "चालू झाली का तुझी लाल बत्ती?" यंदाच्या नाही, त्याच्या मागल्या वैशाखातल्या दुपारी. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, फ्रिज घुरघुरतो म्हणून फ्रिज बंद, आणि मग तो लावायला विसरून दूध नासलेलं. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खोलीची भट्टी झालेली, आत्याच्या कपाळावरून घाम ओघळतोय आणि ती गातेय. खिडकीच्या सांदीतलं कबूतर मध्येच घुमायला लागलं तर ती गाणं थांबवून त्यालाच दटावायची, "तुझी बारी नंतर." एकदा ऐन कडव्यात कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत आली तर म्हणाली, राहू दे रे, इंदूर आहे हे लोकांना कळायला नको?

काय गायची ती! जुन्या इंदुरातल्या तिच्या गल्लीत मराठी बायका आणि माळवी बायका एका ओट्यावर बसायच्या, पितृपक्षात पोरी भिंतीवर शेणाची संजा काढायच्या आणि गाणी म्हणायच्या. मराठी पोरी अर्धं गाणं आपलं म्हणायच्या, अर्धं शेजारणीचं. अंगणी माझ्या चिमणी आली, म्हारी बई, चिड़ी कई लाई? असं. एक ओळ इकडची, एक तिकडची, चिमणीने काय आणलं विचारणारी. त्या गल्लीबाहेर ती गाणी कुणाला येत नव्हती आणि गल्लीतल्या ज्यांना येत होती त्या एकेक करून गेल्या. उरली आत्या. निशांतच्या वडिलांची, गोपीनाथांची, थोरली बहीण. कधी स्टेजवर गेली नाही, रेडिओवर गेली नाही, शिलाईचं मशीन चालवता चालवता गायली. तिच्या आवाजात खर होती, वरच्या सुराला तो किंचित फाटायचा आणि फाटलेल्या जागेतूनच काहीतरी आत घुसायचं माणसाच्या. रेकॉर्डिंग संपल्यावर तिने ही डिस्क हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली होती. "एवढीशी डबी? हिच्यात मावते मी?"

"आरामात मावतेस. वरून अजून जागा राहते," तो म्हणाला होता.

गेल्या फाल्गुनात तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले काढायला हवी, पण आवाज जाऊ शकतो. आत्या नाही म्हणाली. मुलगा विनवून थकला, सून रडली, आत्याचं एकच, आवाज गेल्यावर मी राहून काय करू, भाजी निवडू? वैशाख उजाडला तरी हट्ट सुटेना. तेव्हा निशांत तिच्या पलंगाशी जाऊन बसला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता, निळी रेघ सरकत असताना, शब्द न् शब्द ऐकू आलं. "आत्या, आवाज जाणार कुठं? माझ्याकडे आहे ना तो. एकदम सेफ." ती त्याच्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, "कापा. आवाज भाच्याकडे ठेवलाय." तेच तिचं शेवटचं नीट बोलणं. शुद्धीवर आली ती कुजबुजतच. आता ती बोलते ते वाळल्या पानावर पाय पडल्यासारखं ऐकू येतं, समोरच्याला वाकावं लागतं. पण तिने एकदाही तोंड वाईट केलं नाही. कुणी हळहळलं की बोटाने सुदामानगरच्या दिशेला खूण करायची, तिकडे आहे, निशांतकडे. गाणी ऐकव म्हणूनही मागे लागली नाही. संजा बसली की येते, म्हणाली होती, तेव्हाच शोभतं ते. आज भाद्रपदातली पौर्णिमा, संजा बसायचा दिवस.

म्हणजे आत्याचा गळा त्यानेच दोनदा कापला. हा विचार आला आणि निशांत खुर्चीवरून उठलाच. खोलीत फिरायला जागा नव्हती, तो तिथल्या तिथे उभा राहिला, पुन्हा बसला. सांगायचं काय? डबी खराब झाली. किती सोपं होतं ते! माणसं खराब होतात, तर यंत्राचं काय घेऊन बसलात? आत्या हळहळेल, त्याच्याच पाठीवरून हात फिरवेल, जाऊ दे रे म्हणेल. कुणाचा दोष नाही, कुणावर बालंट नाही. किंवा, काही सांगायचंच नाही. सिस्टिम अपडेट होऊन राहिलीय आत्या, पुढच्या रविवारी ऐकू. आणि पुढच्या? किंवा सुमेधाने पट्टी चुकीची लावली. खरं सांगायचं तर हा तिसरा विचारच त्याच्या मनात सर्वांत आधी आला होता, बाकीचे नंतर रचलेले. त्याला स्वतःची शिसारी आली. तो ती पट्टी नखाने खरवडू लागला. सुमेधाने लावलेली पट्टी, ती कशाला सहजासहजी निघते. तुकड्या-तुकड्यांनी निघाली, आधी ‘ली’, मग ‘खा’. त्याने तिची गोळी करून खिशात कोंबली. हे आपण तिला वाचवायला केलं की पुरावा म्हणून जवळ ठेवला, त्याचं त्याला सांगता आलं नसतं. बोटं मात्र चिकट झाली आणि चिकटच राहिली.

"गार होतेय कढी," म्हणत सुमेधा दार ढकलून आत आली. तिची नजर आधी डिस्कवरच गेली. दिवसभर लेबलं वाचणाऱ्या बाईची नजर दुसरीकडे कुठं जाणार? "पट्टी कुठं गेली?"

"निघाली."

"मी लावलेली पट्टी निघत नाही." ती जवळ आली. पडद्यावरची निळी रेघ, शेव, शेव, शेव. "काय शोधून राहिलास तू?"

"सुमी, मला वाटलं ती खाली आहे."

"अरे मग खालीच होती ना! मी स्वतः तिच्यावर खाली..." आणि ती थांबली. तिचे ओठ त्या शब्दावर तसेच राहिले. निशांतने तिच्या चेहऱ्यावर तो शब्द सांगलीहून इंदूरला येताना पाहिला. "खाली," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तो त्याचा शब्द होता. ती गादीच्या कडेवर टेकली. "सगळी?"

"सगळी."

"उघडून बघायचं नाही होय रे एकदा?"

"आणि तुला ‘आत्या’ लिहायला काय झालं होतं?" तो ओरडलाच. "जगाच्या बाटल्यांवर नावं लिहितेस, घरच्या माणसाचं एक नाव लिहिता नाही आलं तुला?" हेच बोलायचं नाही म्हणून तो सकाळपासून जीभ चावत होता. सुमेधा उलट बोलली असती तर बरं झालं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने काहीतरी झाकून ठेवल्याचा आवाज आला. त्याला ठाऊक होतं ती आत उभी आहे, ओट्याला धरून. जावं, खांद्यावर हात ठेवावा, असं त्याला वाटत होतं. पण हात चिकट होते.

दुपार कलली. रेघ शेवटाला पोचली आणि यंत्राने सांगितलं, शोध पूर्ण. मनीष म्हणाला होता आदमी को चैन पड़ जाता है. कसली चैन! निशांतने मग आत्याच्या गाण्यांचं प्रोजेक्ट उघडलं, का उघडलं कोण जाणे, मेलेल्या माणसाचं कपाट उघडतात तसं. आणि ते उघडलं. कारण गाण्यांची मांडणी कॉम्प्युटरमध्ये होती, फक्त आत्याचा आवाज तेवढा डिस्कवर होता. कॉम्प्युटरमध्ये आणखी एक गोष्ट होती, त्याचा तबला. आत्याला आधार म्हणून त्याने ठेका आधीच वाजवून ठेवला होता, तिने तो कानात ऐकत गायलं होतं. पडद्यावर दोन पट्ट्या दिसत होत्या, एक ‘तबला’, एक ‘इंदूआत्या’. पट्टी वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की बंद. आत्याच्या पट्टीसमोर तिच्या आवाजाचं चित्रसुद्धा होतं, ते चढउतारांचे डोंगर, कारण चित्र यंत्र वेगळं जपून ठेवतं. कुठं तिने श्वास घेतला, कुठं आवाज फाटला, सगळं दिसत होतं. त्याने वाजवलं. तबला वाजला. डोंगरांवरून रेघ फिरत गेली आणि काही ऐकू आलं नाही. त्याला ते सोसवेना. त्याने आत्याची पट्टी तळापर्यंत खाली ओढून टाकली, जणू तिच्यात बंद करण्यासारखं काही होतं.

तबला तेवढा चालत राहिला. दादरा. धा धिं ना, ता तिं ना. त्याला वडील आठवले. मिलमधून आल्यावर अंगावरचे कापसाचे पुंजके झटकून गोपीनाथ तबल्यावर बसायचे, आत्या समोर मशीनवर, आणि सात-आठ वर्षांचा निशांत मधे ताल धरायला. समेवर टाळी. आणि चौथ्या मात्रेवर टाळी नाही, हात उलटा करून बाहेर टाकायचा, ती खाली, तालातली मोकळी जागा. पोरगं तिथं हटकून टाळी मारायचं. "अरे खाली आहे ती," वडील करवादायचे. "खाली आहे तर मोजायची कशाला बाबा?" हा एकदा म्हणाला. वडील हसले नाहीत. आत्या हसली, मशीन थांबवून म्हणाली, "तुझा बाप तिथं डग्गा बंद करतो ना रे, म्हणून मला कळतं की सम आता येते. खाली नसती तर मी घरी परत कशी आले असते?" तेव्हा त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. आता कळून काय उपयोग, त्याने ठेका बंद केला.

ई-रिक्षा दाराशी थांबली तेव्हा दोघंही एकदमच उठली आणि बोळात एकमेकांवर आदळली. सुमेधाचे डोळे सुजले होते. "मी सांगते," ती म्हणाली. "नको," तो म्हणाला. तेवढ्यात आत्या आत आली. ठेवणीतलं हिरवं पातळ, केसांत फूल, हातात पोह्यांचा डबा, वरून भुरभुरायला जिरावण मसाल्याची पुडी. तिने सुमेधाच्या गालाला हात लावला, चहा वगैरे मग असं हातानेच सांगितलं आणि थेट मागच्या खोलीत जाऊन आपल्या त्याच खुर्चीत मांडी घालून बसली. चष्मा काढला, ब्लाउजात खोचला. ऐकायला चष्मा कशाला काढायचा? सवय. मग निशांतकडे बघून तिने ओठ हलवले. त्याला वाकावं लागलं.

"लाव," ती म्हणत होती.

तो तिच्या पायांशी खाली बसला. डबी खराब झाली, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, चांगलं घोटलेलं. तिच्या गळ्यावरचा व्रण त्याच्या डोळ्यांसमोर आला. "आत्या, गाणी नाहीत," तो म्हणाला. "माझ्या हाताने पुसली गेली. डबी रिकामी आहे समजून मी तिच्यावर दुसरं भरलं. परत येत नाहीत. सगळं करून बघितलं."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा पलंगावरून बघितलं होतं तशीच. दारातून सुमेधा म्हणाली, "त्याचं एकट्याचं नाही, आत्या. मी त्यावर लिहिलं होतं, खाली. खालच्या फळीवर ठेवायची म्हणून. त्याला वाटलं..."

आत्याची नजर सुमेधावर गेली, मग निशांतवर, मग पुन्हा सुमेधावर. ओठांनी तिने तो शब्द एकदा करून पाहिला. आणि तिचे खांदे हलायला लागले. जोरजोरात हलायला लागले, डोळे मिटले गेले, तोंड उघडलं, एक हात मांडीवर आपटू लागला, पातेल्याची गोष्ट सांगताना आपटायचा तसाच. आवाज मात्र काहीच नाही. ती हसतेय की रडतेय ते आवाजाशिवाय कळायला मार्ग नव्हता. निशांतने तिचे गुडघे घट्ट धरले. सुमेधा धावत येऊन तिच्या पाठीशी उभी राहिली आणि काय करावं न कळून तिच्या केसांतलं कलंडलेलं फूल नीट करू लागली.

मग आत्या थांबली. पदराने तोंड पुसलं. वाकली. "काय उरलंय?"

"माझा तबला. नुसता ठेका."

"तोच लाव."

त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, दुसरे स्वतः घातले. दादरा सुरू झाला. आत्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि समेवर टाळी दिली, चौथीवर हात उलटा करून बाहेर टाकला, पुन्हा टाळी. पडद्यावर रेघ तिच्या डोंगरांवरून चालली होती आणि चष्मा नसतानाही तिला ते दिसत असावेत, कारण डोंगर चढायला लागला की तिची हनुवटी चढायची, श्वासाची जागा आली की ती श्वास घ्यायची. ओठ हलत होते. अंगणी माझ्या. म्हारी बई. सुमेधाच्या कानांवर काहीच नव्हतं, तिला नुसती एक म्हातारी बाई शांत खोलीत ताल धरताना दिसत होती, तरी तिचाही हात आत्याच्या खांद्यावर आपोआप खालीला उचलला जाऊ लागला. एक कडवं झालं, दुसरं झालं. आवाज जिथं फाटायचा त्या जागेशी आत्या आली आणि तिने डोळे गच्च मिटले.

मग तिने निशांतच्या खांद्यावर टिचकी मारली. त्याने एक कान मोकळा केला.

"माझा आवाज कमी ठेवलास रे," ती कुजबुजली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात ती जुनी खोडी होती. "तुझा तबलाच तबला येऊन राहिला. वाढव जरा मला."

निशांतने पडद्याकडे पाहिलं. ‘इंदूआत्या’ लिहिलेली पट्टी अगदी तळाशी होती, दुपारी त्यानेच ओढलेली. त्याने ती धरली आणि वर सरकवली.

"अजून," आत्या म्हणाली.

तो वर सरकवत राहिला.